विहिणींचा पाळणा

ठाणे आणि कळवा यांच्यामध्ये खाडी आहे आणि खाडीवर चांगला दणकट पूल आहे. ट्रॅफिक नसेल तर नौपाड्यातून निघालेला चहा कळव्यात गरम पोचेल. तरीही नौपाड्यातल्या चित्रा टेंबे आणि कळव्यातल्या गोदूबाई शेलार या दोन विहिणी नऊ वर्षांत एकमेकींच्या घरी एकदाही गेल्या नव्हत्या. लग्नात भेटल्या, दोन बारशांना भेटल्या, एकमेकींना हळदीकुंकू लावलं आणि आपापल्या माणसांत जाऊन बसल्या. बाकीचा सगळा व्यवहार व्हाया डोंबिवली.

डोंबिवलीत स्वानंद आणि अक्षदा राहायचे. स्वानंद चित्राताईंचा मुलगा, अक्षदा गोदूबाईंची मुलगी. ठाण्याचा निरोप कळव्याला आणि कळव्याचा ठाण्याला या दोघांमार्फत जायचा, आणि वाटेत तो धुतला जायचा, इस्त्री व्हायचा, कधीकधी चक्क बदलला जायचा. हे त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

चित्राताई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. समोरच्याचं वाक्य अजूनही मनातल्या मनात दुरुस्त करायच्या, आणि मन भरलं की तोंडानं. गोदूबाई पाटण तालुक्यातून लग्न होऊन कळव्यात आलेल्या. नवरा, महिपत, वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होता. घरात पाच-सात माणसं, बाहेर पाण्याच्या नळाची रांग, त्यामुळे गोदूबाईंचा आवाज कारखान्याच्या भोंग्याला भारी पडेल असा घडला होता. या दोघींना एका दिवसासाठी एका ठिकाणी आणायचं असं स्वानंद आणि अक्षदाच्या स्वप्नातही आलं नसतं. ते काम सान्वीनं केलं.

सान्वी सात वर्षांची होणार होती. वाढदिवस मे महिन्यातल्या एका रविवारी. बाबाचा फोन तिच्या हातात होता, आणि बाबा आंघोळीला गेला होता. तिनं आधी ठाण्याच्या आजीला फोन केला, मग कळव्याच्या आजीला, आणि दोघींना सांगितलं की आपण राइड्सच्या पार्कला जाणार आहोत आणि तू आली नाहीस तर मी केक कापणार नाही. दोघी हो म्हणाल्या. स्वानंद टॉवेल गुंडाळून बाहेर आला तोवर सगळं ठरलं होतं.

"दोघी? एकत्र?" अक्षदा म्हणाली.

"दिवसभर."

"आपण मेलो, स्वानंद."

मग दोघांनी स्वयंपाकघरात उभं राहून बेत केला. पार्कला दोन भाग आहेत, कोरडा आणि ओला. ठाण्याची आजी सान्वीबरोबर कोरड्या बाजूला. कळव्याची आजी चार वर्षांच्या ऋतुराजबरोबर ओल्या बाजूला, लहान मुलांच्या तळ्याशी. जेवताना मधे आपण बसायचं. येता-जाता गाडीत एकीला पुढे, एकीला मागे. बेत चांगला होता. त्यात ऋतुराजच्या पोटाचा विचार केलेला नव्हता, एवढंच.

पार्क कल्याणच्या पुढे, मुरबाड रोडला, रायत्याच्या पुलापलीकडे. गाडीत पुढे चित्राताई सुती सलवार-कमीज घालून, मांडीवर छत्री आडवी धरून बसल्या होत्या. मागे गोदूबाई, मधे अक्षदा, दोन्ही पोरं जागा मिळेल तिथे. दोन्ही आज्या मुलांशीच बोलत होत्या.

"सान्वी, विचार तुझ्या आजीला, एसी फार लागतोय का."

"सानू, म्हनावं, न्हाई लागत."

मधे तासभर अक्षदा नुसती हसत होती. तिचे गाल दुखायला लागले होते.

गेटवर बाहेरचं खायला आत नेऊ देत नव्हते. वॉचमननं पिशव्या तपासल्या. गोदूबाईंच्या टॉवेलात गुंडाळलेली धपाटी त्याला सापडली नाहीत, कारण गोदूबाईंनी त्याच्या गावाची चौकशी सुरू केली आणि तो गडबडला. चित्राताईंच्या मिटलेल्या छत्रीत तिखटमिठाच्या पुऱ्यांची पिशवी होती, तीही सापडली नाही, कारण चित्राताईंकडे पाहून कुणालाच तसा संशय येत नसे. दोघी एकमेकींच्या नकळत तस्करी करून आत आल्या.

सुरुवातीचा वेळ बेताप्रमाणे गेला. चित्राताईंनी सान्वीला घोड्यांच्या चक्रावर बसवलं आणि प्रत्येक फेरीला हात हलवला. ओल्या बाजूला नायलॉनच्या कपड्यांशिवाय पाण्यात सोडत नव्हते. गोदूबाईंनी भाड्याच्या त्या चड्ड्या-बनियन बघून "असलं मी न्हाई घालत, मेल्यावर बी न्हाई" असं सांगितलं आणि त्या तळ्याच्या काठावर पदर खोचून बसल्या. तळ्यात प्लॅस्टिकची पिवळी बदकं होती, मश्रूमच्या आकाराचं कारंजं होतं, आणि तीस-चाळीस पोरं होती. ऋतुराज बराच वेळ मश्रूमखाली उभा होता. चेहरा गंभीर, नजर लांब कुठेतरी. तो असा उभा राहिला की त्याचा अर्थ काय होतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण गोदूबाई तेव्हा शेजारच्या बाईला आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होत्या.

"आई," ऋतुराज ओरडला, "मी शी केली."

त्याच्या आवाजात अभिमान होता. लाइफगार्डची शिट्टी वाजली. आयांनी आपापली पोरं अशी उचलली की जणू तळ्यात मगर निघाली आहे. दोन मिनिटांत तळ्यात फक्त बदकं उरली. स्वानंद ऋतुराजला हातभर अंतरावर धरून शॉवरकडे पळाला. अक्षदा मॅनेजरसमोर उभी राहून माफी मागत होती आणि मॅनेजर तळं रिकामं करायला किती पाणी लागतं ते सांगत होता.

जाता जाता अक्षदा आईला म्हणाली, "तू त्या झाडाखाली जाऊन बस. सासूबाई तिथेच आहेत. फार बोलू नकोस."

"का? बोललं तर काय हुतं?"

"त्यांना त्रास होतो. आवाजाचा." एवढं म्हणून अक्षदा गेली.

गोदूबाई झाडाखाली आल्या. चित्राताई सरकल्या. एकीनं दुसरीकडे बघून मान हलवली. ही शांतता अशीच जेवणापर्यंत टिकली असती, पण सान्वीला आकाशपाळण्यात बसायचं होतं आणि लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय सोडत नव्हते.

"दोन्ही आज्या चला," ती म्हणाली. "माझा वाढदिवस आहे."

वाढदिवसाच्या मुलीला नाही म्हणायचं आणि तेही दुसऱ्या आजीसमोर, हे दोघींनाही जमण्यासारखं नव्हतं. चित्राताईंना उंचीची भीती वाटायची. त्यांनी ती सांगितली नाही. पिंजऱ्यासारख्या गोल डब्यात त्या सान्वीच्या एका बाजूला बसल्या, गोदूबाई दुसऱ्या बाजूला. माणसानं दाराला कडी घातली आणि पाळणा वर निघाला.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत डबा अगदी वर पोचला आणि थांबला. त्याच क्षणी पार्कमधलं गाणं थांबलं, कारंजी बसली, घोड्यांचं चक्र थांबलं. नुसती पोरांची कालवाकालव वर येत होती.

"काय झालं?" चित्राताईंनी डोळे मिटून विचारलं.

गोदूबाईंनी वाकून खाली बघितलं. डबा हलला. "लाईट गेली."

"मग आपण?"

"आपण हाय तितंच."

चित्राताई देवाचं काहीतरी पुटपुटू लागल्या. त्यांचे हात दांडीवर पांढरे पडले होते. गोदूबाईंनी ते बघितलं आणि सान्वीच्या डोक्यावरून हात नेऊन त्यांचं मनगट धरलं.

"खाली बगू नका. माज्याकडं बगा."

चित्राताईंनी डोळे उघडले. नऊ वर्षांत आपल्या विहिणीचा चेहरा त्या पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होत्या. उजव्या भुवईत एक जुनी खोक होती.

"ठाण्याच्या आजीला चक्कर येते," सान्वीनं माहिती दिली. "म्हणून तर ती कळव्याला येत नाही. पुलावर चक्कर येते ना तुला? बाबा म्हणतो."

"पुलावर? मला?" चित्राताई चक्कर विसरल्या. "त्या पुलावरून मी वर्षानुवर्षं कळव्याच्या शाळेत परीक्षांना गेले आहे."

"मग कशापायी येत न्हाई आमच्यात?" गोदूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला कुणी आलेलं चालत नाही ना. अक्षदाच म्हणाली. आईला घरात परकं माणूस आलं की अवघडल्यासारखं होतं."

गोदूबाईंनी मनगट सोडलं. "मला? अवो, माज्या घरात गावाकडची चार मानसं कायम झोपलेली असत्यात. परवा एक पोरगा आठ दिवस राहून गेला. तो गेल्यावर कळलं, त्यो खालच्या मजल्याचा पावना हुता."

खाली कुणीतरी कर्ण्यातून "घाबरू नका, जनरेटर चालू होतोय" असं सांगत होतं. जनरेटरकडून मात्र काही ऐकू येत नव्हतं.

"बरं," चित्राताई सावकाश म्हणाल्या, "मी दर दिवाळीला तुमच्यासाठी थालीपिठाची भाजणी पाठवते, ती तरी आवडते ना?"

"कसली भाजनी?"

"आणि मेतकूट."

"मला कुनी काय दिल्यालं न्हाई. मी मसाला धाडती तुमाला दर उन्हाळ्याला. कांदा-लसूण. बरनी भरून."

"मसाला?"

"अक्षी म्हनायची, सासूबाई बोटं चाटत खात्यात."

"मला मसाला मिळालेला नाही," चित्राताई म्हणाल्या. वर्गात चोरी झाल्यावर त्या ज्या आवाजात बोलायच्या तो आवाज आपोआप लागला होता.

दोघींनी खाली मधे बघितलं. सान्वी फ्रॉकची लेस ओढत होती.

"भावना मावशीला देतो आपण," ती म्हणाली. "समोरची भावना मावशी. ती म्हणाली आजीला सांग, मसाला थोडा कमी तिखट कर. मी सांगायचं विसरले. भाजणी तिला खूप आवडते. ती तिच्या आईला पण पाठवते. नाशिकला."

"म्हंजी मी नाशिकला मसाला घालतीया," गोदूबाई म्हणाल्या.

वारा सुटला होता. लांब उल्हास नदीचं वळण उन्हात चमकत होतं आणि त्यापलीकडे कल्याणचे टॉवर धुरकट दिसत होते. चित्राताई आता दांडी न धरता बसल्या होत्या आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ऋतुराज हे नाव तुम्ही का धरून बसलात? मी श्रीधर सुचवलं होतं. आमच्या ह्यांच्या, मधूंच्या आजोबांचं नाव. मला सांगण्यात आलं की कळव्याच्या आईंनी ऋतुराजच हवं म्हणून हट्ट धरलाय. मी गप्प बसले."

गोदूबाई एकदम हसायला लागल्या. डबा हलला, चित्राताईंनी त्यांचाच दंड पकडला.

"मला खंडेराव पायजे हुतं," गोदूबाई म्हणाल्या. "अक्षी म्हनली, सासूबाईनी पुस्तकातनं नाव काडलंय, त्यांचं मन मोडायचं न्हाई. चार वर्सं मी त्या पोराला नुस्तं 'बाळ्या' म्हनती. त्ये नाव घेववत न्हाई मला, तुमचं म्हनून."

"मीही त्याला बाळच म्हणते," चित्राताई म्हणाल्या. "त्याच कारणासाठी."

सान्वीला वाटलं आज्यांचं छान चाललंय, तर आपणही काहीतरी छान सांगावं. म्हणून तिनं अलिबाग सांगितलं. म्हणजे ते घर, ज्याला पोहायचा हौद होता आणि जिथे एक कुत्रा होता आणि आई सारखी झोपायची.

"अलिबागला कधी गेलात?" चित्राताईंनी विचारलं.

"गणपतीत. ऋतू तेव्हा रांगायचा. आईने मोदक हॉटेलातून मागवले."

त्या वर्षी गणपतीत मुलं कळव्याला आहेत असं ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. आणि मुलं ठाण्याला आहेत असं कळव्यात. चित्राताईंनी त्या वर्षी आरतीला मुलगा नाही म्हणून डोळ्यातून पाणी काढलं होतं. गोदूबाईंनी काढलं नव्हतं, पण गौरीच्या जेवणाला लेक नाही म्हणून भावजयांची बोलणी खाल्ली होती.

"आपल्याला मूर्ख बनवलंय," चित्राताई म्हणाल्या.

"बनवायचं काय त्यात? आपन हुतोच. एक रिक्षा केली असती तर हे समदं कवाच कळलं असतं."

खाली जनरेटर खोकला, धूर सोडला आणि चालू झाला. पाळणा हिसका देऊन खाली निघाला. उतरेपर्यंत दोघी सान्वीच्या डोक्यावरून एकमेकींच्या कानात बोलत होत्या, आणि सान्वी "मला पण सांगा" म्हणत होती.

स्वानंद आणि अक्षदा खाली उभेच होते. स्वच्छ धुतलेला ऋतुराज बाबाच्या खांद्यावर होता. पाळण्याच्या एकाच डब्यातून दोन्ही आया उतरताना बघून स्वानंदचा चेहरा असा झाला की जणू लाइफगार्डची दुसरी शिट्टी वाजली आहे.

"आई, तू ठीक आहेस ना? घाबरलीस?"

"मुळीच नाही," चित्राताई म्हणाल्या. "फार सुरेख देखावा होता. दूरदूरचं दिसलं."

कॅन्टीनमध्ये बेताप्रमाणे मधे बसायला गेलेल्या अक्षदाला जागाच मिळाली नाही. दोन्ही विहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि टेबलाखाली धपाट्यांच्या बदल्यात पुऱ्या देत होत्या. चित्राताईंनी धपाट्याचा तुकडा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या, दुसरा तुकडा टाकला.

"स्वानंद," त्या म्हणाल्या, "या म्हणतायत, जूनपासून त्या डोंबिवलीला तुमच्याकडे राहायला येणार."

अक्षदाच्या हातातला वडा पावातून निसटला.

"आन् चित्राताई म्हनत्यात," गोदूबाई म्हणाल्या, "मी एकटी कशाला, त्या बी येत्यात. गनपतीपतुर ऱ्हाऊ. मग समदी मिळून अलिबागला जाऊ."

स्वानंदनं सान्वीकडे बघितलं. सान्वी पेप्सीकोला चोखत होती आणि तिची जीभ केशरी झाली होती.

"आई, म्हणजे त्याचं असं झालं होतं की ऑफिसचं एक—"

"उभा राहा," चित्राताई म्हणाल्या.

स्वानंद उभा राहिला. बँकेत त्याच्या हाताखाली वीस माणसं होती, पण तो उभा राहिला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी खुर्च्या थोड्या वळवून घेतल्या.

"पूल उंच आहे म्हणून मला चक्कर येते. बस खाली. इतकं वाईट खोटं मी नापास मुलांकडूनही ऐकलेलं नाही."

अक्षदानं वडा उचलून ताटलीत ठेवला आणि हात पुसले.

"ठीक आहे," ती म्हणाली. "खरं पाहिजे ना? मग सगळंच खरं. सान्वीच्या बारशाला आमच्याकडचे लोक जेवायला आले, तेव्हा सासूबाई, तुम्ही हॉलच्या किचनमध्ये तुमच्या बहिणीला काय म्हणालात? यांना आमंत्रण एकाला दिलं की हे ट्रक भरून येतात. मी मागे उभी होते, पोरीला घेऊन. हे मी आईला सांगायला पाहिजे होतं का?"

चित्राताईंचा चेहरा उतरला. त्यांना ते आठवत होतं.

"आणि आई, तू. त्याच रात्री फोन केलास. ते जेवण होतं का दवाखान्यातलं ताट होतं, म्हणालीस. पेशंटला घालतात तसलं. मग मी त्यांना काय सांगू? आई अशी म्हणाली? मी सांगितलं, आईला जेवण फार आवडलं. तिथून सुरुवात झाली. तुम्ही दोघींनी बोलायचं आणि आम्ही दोघांनी पुसत बसायचं. मी आणि हा, आम्हाला खोटं बोलायची हौस नाहीये. एकदा बोललो, चाललं, मग सवय लागली."

"आणि अलिबाग?" गोदूबाईंनी विचारलं.

"त्या वर्षी पहिला दिवस ठाण्याला का कळव्याला, यावरून तुम्ही दोघी महिनाभर मला फोन करत होतात. ऋतू आठ महिन्यांचा. रात्रभर जागायचा. मी तिकडे जाऊन तीन दिवस झोपले, आई. फक्त झोपले. गणपती बघितला नाही, समुद्र पण बघितला नाही."

"मला सांगायचं की."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? खरं बोल."

गोदूबाईंनी खरंच विचार केला. "म्हनले असते, सनासुदीचं नवऱ्याला घिऊन हाटेलात लोळाया गेली." मग पुढे म्हणाल्या, "आन् समद्या गावाला सांगितलं असतं."

अक्षदाला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर रडूही. ती पेपर नॅपकिननं नाक पुसत राहिली. ऋतुराज मांडीवर चढला आणि तिचा वडा खायला लागला.

चित्राताई खाली मान घालून पुरीचे तुकडे करत होत्या. शेवटी त्यांनी गोदूबाईंकडे बघितलं.

"मी तसं म्हणाले होते. ट्रकचं. ते बोलायला नको होतं."

"ट्रक नव्हता," गोदूबाई म्हणाल्या. "टेंपो हुता. माज्या दिराचा." त्यांनी आणखी एक धपाटं विहिणीच्या ताटलीत ठेवलं. "आन् जेवनात मीठ कमी हुतं. त्ये मी आता बी म्हनते."

"मधूंना ब्लडप्रेशर आहे."

"त्यास्नी असंल. दोनशे मानसांना हुतं का?"

चित्राताईंनी ताटलीतलं धपाटं उचललं आणि खाल्लं.

जेवणानंतर दोघींनी दोन्ही पोरं ताब्यात घेतली आणि स्वानंद-अक्षदाला हाकलून दिलं. "जावा पान्यात पडा कुटं तरी," गोदूबाई म्हणाल्या, "आमाला तुमची तोंडं बगायची न्हाईत." ओल्या बाजूला एक गोल वाहतं पाणी होतं, त्यात रबरी ट्यूबवर पडून फिरायचं असतं. नवरा-बायको दोन ट्यूबवर पडले. एका फेरीनंतर स्वानंद म्हणाला, "आपण वाचलो का मेलो?" अक्षदानं उत्तर दिलं नाही. ती झोपली होती, तोंड उघडं ठेवून, आणि वळणावर तिची ट्यूब भिंतीला आपटली तरी जागी झाली नाही.

संध्याकाळी गाडीत चित्राताई पुढे बसायला तयार नव्हत्या. दोघी मागे बसल्या, पोरं त्यांच्या अंगावर पसरून झोपली, आणि अक्षदाला पुढची सीट मिळाली. कळव्याला पोचल्यावर गोदूबाईंबरोबर चित्राताईही उतरल्या.

"आई, आपल्याला पुढे ठाण्याला जायचंय," स्वानंद म्हणाला.

"तू जा. मला पूल माहीत आहे."

मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. दोघी गल्लीत शिरल्या. नवरा-बायको बघत राहिले, मग अक्षदा म्हणाली, "चल, नाहीतर परत बोलावतील," आणि स्वानंदनं गाडी काढली.

आता इथून पुढे दोघींचं बहिणींसारखं जमलं असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. सुट्टीत सान्वी चार दिवस कळव्याला राहिली आणि तिथून ठाण्याला आली ती "म्या न्हाई जेवनार" म्हणत आली. चित्राताईंना राहवलं नाही. त्यांनी गोदूबाईंना फोन केला. फोन चांगल्या मनानं केला होता, पण बोलता बोलता "मुलांच्या कानावर शुद्ध भाषा पडायला हवी" असं वाक्य तोंडातून गेलं.

"तुमची शुद्ध," गोदूबाई म्हणाल्या, "मग आमची काय नाल्यातली?"

"मी तसं म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच की—"

गोदूबाईंनी फोन ठेवला.

दोघींनी लगोलग डोंबिवलीला फोन लावले. अक्षदानं आईचं सगळं ऐकून घेतलं. "तुज्या सासूला सांग," गोदूबाई म्हणाल्या, "मी काय अडानी न्हाई. चौथीपतुर शाळा झालीया माजी. रोज तीन येळा रेडिओवर बातम्या ऐकती."

"तूच सांग," अक्षदा म्हणाली. "नंबर आहे तुझ्याकडे."

दुसऱ्या बाजूला स्वानंदही आईला हेच सांगत होता. हे स्वानंद-अक्षदाला जड गेलं. त्यांची बोटं एक गोड निरोप तयार करायला शिवशिवत होती. पण दोघांनी फोन ठेवून दिले. करायला काही कामच उरलं नव्हतं.

तीन-चार दिवस खाडीच्या दोन्ही काठांवर राग होता. कळव्यात भांडी आपटली जात होती. नौपाड्यात मधुकाका सकाळ-संध्याकाळ तेच वाक्य ऐकत होते, चित्राताई ते म्हणून बघत होत्या, शब्द बदलत होत्या, पुन्हा म्हणत होत्या. शेवटी मधुकाका म्हणाले, "अगं, हे मला कशाला ऐकवतेस? त्यांना जाऊन ऐकव."

चित्राताईंनी साडी बदलली आणि रिक्षा केली. पुलावर ट्रॅफिक होतं, त्यामुळे आणखी दोनदा वाक्याची उजळणी झाली. कळव्याच्या त्या चाळवजा इमारतीचे तीन जिने चढून त्या वर आल्या तेव्हा दार उघडंच होतं. आत गावाकडचा कुणीतरी पोरगा झोपला होता. गोदूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं.

"तुम्ही फोन मधेच ठेवलात," चित्राताई धापा टाकत म्हणाल्या. "माझं वाक्य अर्धं राहिलं. ते पूर्ण करायला आले आहे."

गोदूबाईंनी पदराला हात पुसले, झोपलेल्या पोराला पायानं बाजूला सरकवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग बसून बोला की," त्या म्हणाल्या. "उभ्यानं भांडाया आपन काय नळावर हाय?"